आयर्विन पुलावरचे फूट आणि गल्लीतले पाणी : सांगलीच्या २०१९ च्या महापुराचा प्रकरण अभ्यास

ऑगस्ट २०१९ च्या दुसऱ्या आठवड्यात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पाणीपातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याच्या पातळीपेक्षा ती बारा फुटांहून अधिक आणि २००५ च्या महापुरापेक्षा तीन-साडेतीन फूट उंच होती. हे पाणी एका रात्रीत आले नव्हते. ते काही दिवसांच्या अवधीत, सर्वांच्या डोळ्यांदेखत आणि सर्वांना आकडा माहीत असताना चढत गेले. तरीही हजारो कुटुंबे घरांच्या वरच्या मजल्यांवर अडकली, पेठांतील दुकानांचा माल माळ्यावर ठेवूनही भिजला, जुन्या वाचनालयातील हजारो ग्रंथांचा लगदा झाला आणि माणसांना बाहेर काढण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, लष्कर आणि नौदल यांना बोटी घेऊन यावे लागले. ज्या शहरात पावसाळ्यात नदीची पातळी तासातासाला लोकांच्या तोंडी असते, त्याच शहरातील माणसे पाण्यात कशी सापडली, एवढ्याच प्रश्नाचा शोध या प्रकरणात घ्यायचा आहे. पाऊस किती पडला आणि धरणांतून किती पाणी सुटले, हे प्रश्न त्याच्याशी निगडित आहेत, पण ते वेगळे आहेत.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. सांगलीकडे उत्तम मोजमाप होते. मात्र पुलावरच्या त्या आकड्याचा आपल्या गल्लीशी, आपल्या उंबऱ्याशी नेमका काय संबंध आहे, हे बहुसंख्य रहिवाशांसाठी कोणी लिहून ठेवलेले नव्हते. ती उणीव लोकांनी आठवणीने भरून काढली, आणि आठवण २००५ ची होती.

नदी, शहर आणि भोवतालची गावे

सांगली कृष्णेच्या डाव्या तीरावर वसलेली आहे. समोरच्या तीरावर सांगलीवाडी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेच्या मूळ संस्थानातून आपला वाटा घेऊन येथे आले. त्यांनी खंदक असलेला गणेशदुर्ग हा भुईकोट बांधला, पेठा वसवल्या आणि नदीपासून हाकेच्या अंतरावर गणपतीचे मंदिर उभारले. आजही सांगलीची ओळख सांगताना माणसे प्रथम हे मंदिर आणि नंतर आयर्विन पूल दाखवतात. मिरज येथून दहा किलोमीटरच्या आत आहे, पण ते नदीपासून दूर आणि उंचावर आहे; रेल्वेचे जंक्शन, जुनी रुग्णालये आणि सतार-तंबोऱ्याचे कारागीर यांमुळे त्याचे स्वतंत्र व्यक्तिमत्त्व आहे. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड यांची एक महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत तिच्या हद्दीत सुमारे पाच लाख लोक राहत होते.

या नदीची रचना समजल्याखेरीज पुढचे काही समजणार नाही. महाबळेश्वरहून निघालेल्या कृष्णेला कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना मिळते. त्यानंतर ती सपाट, काळ्या मातीच्या प्रदेशात शिरते आणि तिचा उतार मंदावतो. ब्रह्मनाळजवळ दुष्काळी भागातून येणारी येरळा तिला मिळते. सांगलीच्या खाली लगेच हरिपूरला संगमेश्वराच्या मंदिराजवळ पश्चिमेकडून वारणा येते, आणि आणखी खाली नरसोबावाडीला कोल्हापूरकडून पंचगंगा येते. या साऱ्या नद्या एकाच वेळी भरल्या म्हणजे खालच्या संगमांवरचे पाणी वरच्या पाण्याला पुढे सरकू देत नाही. नदी वाहायची जवळजवळ थांबते आणि आडवी पसरू लागते. सांगलीत पूर धडाडत येत नाही, तो फुगतो. नाल्यांतून उलटा शिरतो, गटारांच्या तोंडातून वर येतो आणि सपाट जमिनीवर कडेकडेने सरकत जातो. डोंगरी गावात पुराची भीती आवाजामुळे वाटते. इथे तसा आवाज नसतो, आणि माणसे शेवटपर्यंत थांबून राहतात त्यामागे हेही एक कारण आहे.

शहराची चढउतारही फसवी आहे. नदीलगतचे गावभाग आणि खणभाग जुने आहेत, आणि जुन्यांनी जागा निवडताना पाण्याचा विचार केला होता, हे तिथली जोती पाहिली की कळते. त्यांच्या मागच्या बाजूला मात्र काही पट्टे खोलगट आहेत. पूर आला की नदी आपले जास्तीचे पाणी ज्या खोलगट वाटांनी नेते, त्यांना सांगलीत ओत म्हणतात. या ओतांत एके काळी शेती होती. पुढे भराव पडले, भूखंड पाडले गेले आणि घरे उभी राहिली. त्यामुळे नदीपासून दूर असलेल्या एखाद्या वसाहतीत पाणी आधी येते आणि नदीकाठच्या एखाद्या वाड्यात उशिरा येते. आणखी पूर्वेला विश्रामबागेकडे जमीन चढते, आणि पुराच्या काळात शहराचा अर्धा संसार तिकडे हलतो.

पुलावरची पट्टी

आयर्विन पूल १९२९ साली वाहतुकीला खुला झाला. तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचे नाव त्याला दिले गेले, आणि स्वातंत्र्यानंतरही ते लोकांच्या जिभेवरून गेले नाही. या पुलाचे महत्त्व तो दोन तीर जोडतो एवढ्यापुरते कधीच नव्हते. त्याच्याजवळ पाण्याची उंची फुटांत मोजली जाते. ४० फूट ही इशारा पातळी आहे आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. जुलै उजाडला की सांगलीकर एकमेकांना "आयर्विनला किती?" एवढेच विचारतात, आणि उत्तरही नुसत्या आकड्यात येते. माझ्या मते महाराष्ट्रातील फार थोड्या शहरांना नदीचे इतके साधे, इतके सर्वमान्य आणि इतके जुने मोजमाप लाभले आहे, आणि ही या शहराची खरी संपत्ती आहे.

परंतु हा आकडा पुलाजवळचा आहे. तो ४२ झाला म्हणजे सूर्यवंशी प्लॉटमध्ये काय होते आणि कापड पेठेत काय होते, याची उत्तरे निरनिराळी आहेत. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर आणि कर्नाळ रस्त्यालगतच्या वस्त्या सखल आहेत; तिथल्या लोकांना धोका पातळीची वाट पाहण्याची गरजच पडत नाही, कारण इशारा पातळीच्या आसपासच पाणी त्यांच्या दारात असते. अनेक पावसाळे अशा तऱ्हेने काढल्यामुळे त्यांच्याकडे आपापला आकडा असतो. कोणत्या फुटाला गाठोडे बांधायचे, कोणत्या फुटाला जनावर सोडायचे आणि कोणत्या फुटाला कुलूप लावून शाळेत जायचे, हे तिथल्या बायका तोंडपाठ सांगतात. मारुती चौक, हरभट रोड, गणपती पेठ, एसटी स्थानकाचा परिसर येथील रहिवाशांकडे आणि व्यापाऱ्यांकडे असा आकडा नव्हता, कारण तो वापरण्याची वेळच त्यांच्यावर क्वचित येते. त्यांच्याकडे भिंतीवरची एक रेघ होती.

२००५ ची रेघ

२००५ च्या जुलैअखेर राज्यभर जो असाधारण पाऊस झाला, त्यात कृष्णा आयर्विनजवळ सुमारे ५४ फुटांपर्यंत चढली होती, आणि पाणी बरेच दिवस शहरात ठाण मांडून होते. ते ओसरल्यावर भिंतींवर चिखलाची रेघ राहिली. काहींनी ती पुसली. पुष्कळांनी मात्र मुद्दाम रंगाने, खिळ्याने किंवा फरशीच्या पट्टीने ती जपली. पुढे घर दुरुस्त करताना विजेचा बोर्ड तिच्या वर घेतला गेला, दुकानातील फडताळे तिच्या वर चढवली गेली, नवे जोते त्या हिशेबाने भरले गेले. हे सारे शहाणपणाचेच होते. अनुभवातून शिकणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

तरीही या शहाणपणात एक घोटाळा दडलेला होता. ती रेघ पाणी एकदा कुठवर आले होते हे सांगत होती. पाणी कुठवर येऊ शकते याबद्दल ती काहीच सांगत नव्हती. चौदा वर्षांत पहिल्या अर्थाची जागा दुसऱ्याने घेतली आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही. २००५ चा पूर हा आयुष्यातला सर्वांत मोठा पूर, म्हणून तो नदीचाही सर्वांत मोठा पूर, अशी समजूत रुजली. शासनाच्या नकाशांवर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा अपेक्षित असलेल्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदा अपेक्षित असलेल्या पुराची. या रेषा बांधकाम परवानगीच्या कागदांत भेटतात, आणि त्याही बहुधा वादाच्या निमित्ताने. घरच्या भिंतीवरची रेघ रोज डोळ्यांसमोर असते. निर्णयाच्या घटकेला माणूस कोणत्या रेषेवर विसंबेल, हे सांगायला नको.

ऑगस्टचे ते दिवस

जुलै २०१९ च्या अखेरीपासून घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस लागून राहिला होता. १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) साठवणक्षमतेचे कोयना आणि सुमारे ३४ टीएमसीचे वारणा ही धरणे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच काठोकाठ आली. पाऊस थांबेना, तेव्हा आलेले पाणी खाली सोडण्यावाचून इलाज उरला नाही. कोयनेतून होणारा विसर्ग एक लाख क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफुटांच्या, वर गेला. कोयनेचे पाणी सांगलीत पोहोचायला साधारण एक दिवस लागतो, म्हणजे ताकीद मिळायला वेळ होता. धरणाखालच्या मुक्त पाणलोटात पडणाऱ्या पावसाला मात्र कोणतेही दार नसते, आणि त्या दिवसांत तोही धो धो कोसळत होता.

पातळीने ४५ ओलांडली तेव्हा सखल वस्त्या बहुतांशी रिकाम्या झाल्या होत्या. पेठांत त्या वेळी माल उचलणे चालू होते. तो शहराबाहेर नेला जात नव्हता, दुकानातच वर, २००५ च्या रेघेपेक्षा हातभर उंच ठेवला जात होता. घरांतही तेच झाले. तळमजल्यावरचे सामान वरच्या मजल्यावर गेले, चार दिवसांचा शिधा भरला गेला, वृद्धांना वर नेऊन बसवले गेले. पाणी ५० झाले, ५२ झाले, आणि ज्यांना अजून निघता आले असते त्यांनी "दोन हजार पाचला इथपर्यंतच आलं होतं" या भरवशावर थांबायचे ठरवले. पाणी ५४ च्या पुढे गेले तेव्हा शहरातील कोणाच्याही वैयक्तिक अनुभवाचा उपयोग उरला नव्हता, आणि रस्त्यांवर छातीएवढे पाणी असल्यामुळे बाहेर पडण्याची वेळही टळून गेली होती. सपाट शहरात पातळी तीन फुटांनी वाढली, की भिंतीवरची रेघ तेवढीच वर सरकते आणि शिवाय पाण्याखाली जाणाऱ्या घरांचा परीघ पार पुढच्या गल्ल्यांपर्यंत जातो. ज्या घरांना २००५ मध्ये पाण्याने स्पर्शही केला नव्हता, त्यांच्याकडे रेघ नव्हती. म्हणून त्यांच्याकडे तयारीही नव्हती.

गणेशदुर्गातील जिल्हा कारागृहात पाणी शिरले आणि कैद्यांना हलवावे लागले. हेच ते कारागृह, जिथून जुलै १९४३ मध्ये वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी तट ओलांडून निसटले आणि गोळीबाराला न जुमानता नदीच्या दिशेने धावले. संस्थानकाळात संरक्षणासाठी खंदकाच्या आत निवडलेली जागा महापुरात अडचणीची ठरते, हे किल्ला बांधणाऱ्यांना तेव्हा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आज कारागृह कुठे असावे हे ठरवणाऱ्यांना मात्र ते ठाऊक आहे.

बाहेरून मदत येण्याच्या वाटाही बंद झाल्या. पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ शिरोलीला पाण्याखाली गेला आणि सांगली-कोल्हापूर रस्ता तुटला. मिरज मात्र उंचावर असल्याने टिकून राहिले, आणि तिथल्या मंगल कार्यालयांनी, शाळांनी, मशिदींनी आणि मठांनी सांगलीच्या माणसांना जागा दिली. तीन वर्षांपूर्वी, एप्रिल २०१६ मध्ये, याच मिरजेच्या रेल्वेस्थानकातून कृष्णेचे पाणी भरलेली गाडी तहानलेल्या लातूरला गेली होती.

ब्रह्मनाळ

८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जणांचा मृत्यू झाला. त्यांत स्त्रिया आणि लहान मुले अधिक होती. कृष्णा आणि येरळा यांच्या संगमावरच्या या गावाला दोन्हीकडून पाण्याने वेढा घातला होता. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती, आणि ती का होती, हे विचारले पाहिजे. जी माणसे दोन दिवस आधी कोरड्या रस्त्याने ट्रॅक्टरमधून निघू शकली असती, ती सारी एकाच वेळी, एकाच नावेसाठी काठावर उभी होती. उशीर झाला की निर्णय माणसाच्या हातून निसटतो आणि नावेच्या लांबीरुंदीवर येतो. या दुर्घटनेचा दोष नाव चालवणाऱ्यांवर ढकलून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते.

कृष्णाकाठ हा नावांचा प्रदेश होता, हेही इथे नोंदवायला हवे. सांगलीवाडी, कसबे डिग्रज, समडोळी, कवठेपिरान या गावांचे संघ होड्यांच्या शर्यतींत आजही ईर्षेने उतरतात. मात्र जागोजागी पूल झाल्यावर रोजच्या वापरातील नाव गेली, आणि तिच्याबरोबर पुराच्या पाण्यात किती माणसे घ्यायची, भोवरा कुठे असतो, झाडाची फांदी कशी चुकवायची हे रोजचे ज्ञानही आटले. २०१९ नंतर गावोगाव यांत्रिक बोटी देण्यात आल्या, ते योग्यच झाले. त्या बोटींबरोबर चालवणारे हात वर्षभर सरावात राहतील अशी व्यवस्था करणे अधिक कठीण आहे, आणि शर्यतीत उतरणारे हे संघ त्या कामी सर्वांत उपयोगी पडतील असे वाटते.

हरिपूरची पेवे

आठवण नेहमीच दगा देते असा निष्कर्ष कोणी काढू नये म्हणून याच नदीकाठचे एक उलट उदाहरण सविस्तर सांगतो.

सांगली ही हळदीची मोठी बाजारपेठ आहे, आणि २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. या व्यापाराचा जुना आधार म्हणजे हरिपूर आणि सांगलीवाडी परिसरातील पेवे. इथली माती चिवट आहे आणि तीत पाणी सहसा झिरपत नाही. तिच्यात रांजणाच्या आकाराचे, वर अरुंद तोंडाचे आणि आत ऐसपैस असे खोल खड्डे खणले जात. आतून सारवून, पाला-पाचटाचे थर देऊन त्यांत वाळवलेली हळकुंडे भरत, आणि तोंडावर दगड ठेवून माती लिंपत. आत हवा खेळत नसल्यामुळे किडीला जगता येत नसे. हळद वर्षानुवर्षे टिके आणि तिचा रंगही राही. पेव उघडणे हे जोखमीचे काम होते. तोंड उघडून बराच वेळ वाट पाहायची, कंदील दोरीने आत सोडायचा, तो विझला नाही तरच माणूस उतरवायचा, हा त्या कामाचा रिवाज होता. चिंचेच्या झाडांच्या रस्त्याने हरिपूरला येणाऱ्याला, नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांच्या या जन्मगावात, शेताच्या पोटात लाखोंचा माल पुरलेला आहे याचा पत्ताही लागत नसे.

२००५ च्या पुराने ही व्यवस्था मोडली. पाणी दिवसेंदिवस जमिनीवर उभे राहिले, पेवांची तोंडे खचली, भिंती कोसळल्या, आणि आतली हळद सडली. पेवे ज्यांच्या मालकीची होती, ज्यांचा माल आत होता आणि ज्यांची रोजी पेव भरण्या-उपसण्यावर होती, अशा सर्वांचेच नुकसान झाले. त्यानंतर व्यापाऱ्यांनी पेवांना रंगाची खूण केली नाही. पाणी पुन्हा येणार, आणि कदाचित जास्त येणार, असे गृहीत धरून त्यांनी माल नदीकाठावरून उचलला आणि उंचावरच्या गोदामांत व शीतगृहांत नेला. २०१९ मध्ये हळदीच्या व्यापाराची हानी म्हणूनच मर्यादित राहिली.

तोच पूर, तेच शहर, आणि दोन समाजांनी त्यातून दोन निष्कर्ष काढले. यात हळदवाले अधिक हुशार आणि कापडवाले कमी, असे मुळीच नाही. हळदीचे कोठार हलवता येते, पेठेतील दुकान हलवता येत नाही. ते तिथे आहे म्हणूनच दुकान आहे. शिवाय हळदवाल्यांचा हा शहाणपणा फुकट मिळालेला नाही. पेवे खणणाऱ्या आणि भरणाऱ्या मजुरांचे कसब त्यात संपले, आणि त्यांना शीतगृहात काम मिळालेच असे नाही. सुरक्षिततेची किंमत कोणीतरी मोजतो, आणि तो बहुधा व्यापारी नसतो.

नरसोबावाडीचा नेम

दुसरे उदाहरण खालच्या संगमावरचे आहे. नरसोबावाडीचे दत्तमंदिर दर पावसाळ्यात पाण्याखाली जाते. पाणी पादुकांवरून दक्षिण दाराने वाहू लागले की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि भाविक त्या पाण्यात स्नान करतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात, आणि त्याहून चढले की टेंबे स्वामींच्या मठात. यात भक्ती आहेच, पण मला इथे व्यवस्थेकडे लक्ष वेधायचे आहे. विशिष्ट खुणेला पाणी लागले की विशिष्ट कृती करायची, ती कोणी करायची हे ठरलेले, आणि पुढच्या पायरीची जागा आधीच मुक्रर. मागच्या खेपेला पाणी कुठवर आले होते याची चर्चा तिथे होत नाही. सांगलीच्या पेठांत नेमके हेच नव्हते.

धरणांचा वाद

महापुरानंतर चर्चा अलमट्टीकडे वळली. कृष्णेवरच खाली कर्नाटकात असलेल्या या धरणाचा पूर्ण संचय स्तर, म्हणजे पाणी साठवण्याची कमाल पातळी, ५१९.६० मीटर आहे, आणि तो ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्यास कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० मध्ये मान्यता दिल्यापासून धरणाच्या फुगवट्याचे पाणी मागे येईल अशी सांगली-कोल्हापुरात धास्ती आहे. राज्य शासनाने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने २०२० मध्ये अहवाल दिला. तिने अतिवृष्टी आणि नदीपात्रातील व पूरक्षेत्रातील अतिक्रमणे यांवर भर दिला आणि या पुराला अलमट्टी कारणीभूत असल्याचे मानले नाही. जिल्ह्यातील अनेक कार्यकर्त्यांना आणि अभ्यासकांना हा निष्कर्ष मान्य नाही, आणि धरणाची उंची वाढवण्याच्या विरोधातले आंदोलन चालू आहे.

हा वाद गंभीर आहे आणि तो नेटाने लढला गेला पाहिजे. परंतु या प्रकरणाच्या प्रश्नाला तो उत्तर देत नाही. पाणी कोयनेचे असो की फुगवट्याचे, खणभागातल्या एखाद्या आजीबाईंना जिन्यावरून खाली कधी आणायचे हे त्यातून ठरत नाही. उलट वादाच्या गदारोळात शहराच्या हातातल्या गोष्टी मागे पडतात. ओतांतील भराव कोणी मंजूर केले, शेरीनाल्यासारख्या नाल्यांच्या तोंडांशी पुराचे उलटे पाणी अडवण्याची काय सोय आहे, नव्या पुलांचे जोडरस्ते खांबांवर घ्यायचे की मातीच्या भरावावर, हे प्रश्न बेळगावात किंवा दिल्लीत सुटणारे नाहीत.

ओतात राहणारी माणसे बेफिकीर आहेत असे बोलणेही सहज कानावर येते, आणि ते मला फार खटकते. शहरात कामासाठी आलेल्या कुटुंबाला परवडणारी जागा तिथेच मिळाली. भूखंड विकणाऱ्याने तो विकला, नोंदणी झाली, घरपट्टी लागली, नळ आणि वीज आली. शहरातील प्रत्येक यंत्रणेने या वस्तीला आपापल्या कागदावर मान्य केले, आणि पूर आला तेव्हा सर्वांनी तिला अनधिकृत म्हटले.

२०२१ आणि पुढचे काम

दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, कृष्णा पुन्हा ५४ फुटांच्या पुढे गेली. पातळी २००५ च्या बरोबरीची किंवा किंचित अधिक होती, आणि तरीही शहराचे वागणे वेगळे होते. पेठांतील माल माळ्यावर न जाता टेम्पोत भरून विश्रामबाग, कुपवाड आणि मिरजेकडे गेला. नदीकाठच्या अनेक कुटुंबांनी रस्ते कोरडे असतानाच घरे सोडली. नुकसान झालेच, शेती तर पुष्कळ बुडाली. पण माणसे अडकण्याचे प्रमाण खूप घटले. याचे श्रेय प्रशासनाच्या आगाऊ सूचनांना आहे आणि लोकांनाही आहे. मात्र हे मुख्यतः ताज्या आठवणीने घडले, आणि म्हणूनच मी निर्धास्त नाही. आता भिंतीवर २०१९ ची रेघ आहे. पंधरा वर्षे मोठा पूर आला नाही तर तीही कमाल मर्यादा ठरेल, आणि ५९ फुटांच्या पाण्यात तीच चूक नव्याने होईल.

त्यावरचा उपाय खर्चिक नाही. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी, शाळेच्या भिंतीवर किंवा विजेच्या खांबावर, आयर्विनला किती फूट झाले म्हणजे या ठिकाणी पाणी येते, तो आकडा ठळक लिहावा. त्याच्या खाली दुसरा आकडा असावा, त्याहून तीन-चार फुटांनी कमी, आणि त्याच्यासमोर निघण्याची सूचना व जायची जागा असावी. जुन्या पुराची तारीख तिथे लिहू नये. सखल वस्तीतील बायकांकडे हे ज्ञान आधीच आहे. पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी उपकरण घेऊन फिरण्याआधी त्यांच्याकडून ते लिहून घ्यावे, म्हणजे उपकरणाचे उत्तरही पडताळता येईल. भाडेकरू दर दोन वर्षांनी बदलतात आणि त्यांच्याकडे कोणतीच आठवण नसते, म्हणून खांबावरचा आकडा सर्वांत अधिक त्यांच्यासाठी हवा. भूखंडाच्या खरेदीखतातही तो आकडा असला तर विकत घेणाऱ्याला आपण काय घेत आहोत ते सही करण्यापूर्वी कळेल.

हे आकडे एकदा लिहून कायमचे सोडून देता येणार नाहीत. हरिपूरहून कोथळीकडे जाणारा पूल झाला, आयर्विनशेजारी समांतर पूल उभा राहिला, ओतांत भर पडतच आहे. यांतल्या प्रत्येक बदलाने पाण्याची वाट थोडी सरकते आणि पुलाजवळच्या त्याच फुटाला एखाद्या गल्लीत वीतभर अधिक पाणी येऊ शकते. म्हणून दर पुरानंतर चिखल ओला असतानाच खांबाखांबावरची पातळी मोजून तक्ता दुरुस्त करावा लागेल, आणि हे काम कोणत्या खात्याचे, ते पुढच्या पावसाळ्यापूर्वी महानगरपालिकेने ठरवावे लागेल.